जादूगार नको, पण जग निराळं हवं : एका मागणीची पार्श्वभूमी

‘फॅन्टसी वाचायचीय, पण लांब दाढीवाले जादूगार, मंत्र, छडी, भविष्यवाण्या हे नको. असं काही आहे का?’ दादरच्या वाचनालयांपासून फाउंटनच्या फुटपाथपर्यंत जिथे पुस्तकांच्या गप्पा होतात तिथे हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले. कुणी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहून आलेले असतात. त्यांना दरबारी डावपेच आवडले, ड्रॅगनही त्यांनी चालवून घेतले, पण शेवटी भूत-भविष्य दिसणाऱ्या मुलाला राजा केल्यावर ते चिडले. कुणी मुलांसाठी हॅरी पॉटर आणलं आणि स्वतः चार प्रकरणं वाचून ठेवून दिलं. त्यांना मिळणारं उत्तर ठरलेलं असतं : म्हणजे तुम्हाला बिनडाळीचं वरण हवंय.

हे उत्तर चटपटीत असलं तरी इतिहासाला धरून नाही. फॅन्टसीत जादूगार हवाच हा दंडक जेमतेम पन्नास वर्षांचा आहे, आणि तो घालण्यात लेखकांपेक्षा प्रकाशकांचा हात मोठा होता. उलट ‘अद्भुत हवं, पण पटणारं हवं’ हा वाद मराठीत, त्यातही मुंबईत, दीडशे वर्षांपूर्वीच झडलेला आहे.

आधी घरातलं बघू. मराठी कादंबरीचा आरंभ सांगताना आपण बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चं (१८५७) नाव घेतो. विधवांच्या दुःखाची ती कहाणी म्हणजे सामाजिक कादंबरी. पण पुढची दोन दशकं चलती होती ती वेगळ्याच मालाची. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, ‘रत्नप्रभा’ १८६६ची. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. राजकन्या, अपहरणं, घनदाट अरण्यं, वेषांतरं आणि वाचणाऱ्याची छाती दडपेल इतके योगायोग. याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या. ते काम पुढे विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी पुरं केलं. म्हणजे दिव्यातला जिन्न मराठी घरांत आला तो शास्त्रीबुवांचं बोट धरून.

रिसबूडांनी ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत आपली बाजू मांडली आहे, आणि ती मला आजही फार प्रामाणिक वाटते. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : आपली विवाहाची रीत आणि इतर काही कारणं यांमुळे हिंदूंच्या आयुष्यात ना गोडी वाटावी असे दुर्गुण सापडतात ना सद्गुण. रोज जे अनुभवतो तेच लिहिलं तर त्यात रमणार कोण? म्हणून मनोरंजन करायचं तर अद्भुताकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही. चमत्कारांवर विश्वास आहे म्हणून लिहितो असं ते म्हणत नाहीत. घरातलं आयुष्य कंटाळवाणं आहे म्हणून लिहितो म्हणतात. आठ-सव्वाआठची लोकल पकडून आयुष्य काढलेल्या माणसाला हे कारण पटायला हरकत नाही.

पण सगळ्यांना ते पटलं नाही. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ आला. मराठी कादंबरीच्या टीकेची सुरुवात अनेकजण त्याच्यापासून धरतात. या असंभाव्य गोष्टींचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतर कायमचा चर्चेत राहिला. त्याच्या थोडं आधी मुंबईत एक वेगळं उत्तर तयार झालं होतं. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी १८६७मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ मासिक सुरू केलं आणि त्यात ‘मोचनगड’ क्रमशः लिहिली. पुस्तकरूपानं ती १८७१ची. पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिची नोंद होते आणि परीक्षेपुरती ती तिथेच संपते. मला तिच्यात निराळं काही दिसतं. काळ शिवाजीमहाराजांचा, पण गड कल्पित, माणसं कल्पित. नकाशावर नसलेला एक किल्ला लेखकानं सह्याद्रीत बेमालूम बसवून दिला. निराळं जग उभारायला चमत्कारच हवा असं नाही, जागा कल्पून तिला नियम घालून दिले तरी पुरतं, हे गुंजीकरांनी दाखवून दिलं. जादू नको म्हणणाऱ्या आजच्या वाचकाची मागणी जवळपास हीच आहे.

मराठीनं मात्र यातलं ‘ऐतिहासिक’ तेवढं उचललं, ‘कल्पित’ मागे टाकलं. १८८५ला हरि नारायण आपट्यांची ‘मधली स्थिती’ आली, मागोमाग ‘पण लक्षात कोण घेतो’, आणि जाणत्या वाचकाची अभिरुची वास्तवाकडे झुकली ती झुकलीच. नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) हा मोठा अपवाद. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. सिंहगडावरून पडून पाय लुळे पडलेल्या या माणसानं अंथरुणावरून वाचकांना जे फिरवलं ते आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होतं. पुढे अद्भुताची वाटणी झाली : लहानांसाठी ‘चांदोबा’, मोठ्यांसाठी नारायण धारपांची भयकथा. मधल्या जागेत, म्हणजे मोठ्यांसाठी भीतीविरहित अद्भुत, फारसं काही उरलं नाही. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’तल्या (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा त्या मोकळ्या जागेत एकट्या उभ्या आहेत. कुठला देश, कुठलं शतक, काही सांगितलेलं नाही. नियतीचं सावट दाट आहे, पण छडी फिरवून सुटका करणारा कोणी नाही. जी.ए. आवडतात आणि फॅन्टसी आवडत नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी हे दाखवून देतो.

आता तिकडचं. कल्पित राज्यं रचण्याची हौस इंग्रजीतही जादूवर अवलंबून नव्हती. १८२६मध्ये ब्राँटी भावंडांच्या घरी लाकडी शिपायांचा खेळ आला आणि त्यातून मुलांनी अख्खी राज्यं, राजघराणी, लढाया, वर्तमानपत्रं रचली. सुरुवातीला ही चार मुलं स्वतःच त्या जगातले जिन्न होती, कारण अरबी गोष्टी त्यांनीही वाचल्या होत्या. पण शार्लट आणि ब्रॅनवेल यांचं अँग्रिया जसजसं वाढलं तसतसे जिन्न मागे पडले आणि राजकारण, प्रेमप्रकरणं पुढे आली. १८९४मध्ये ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’तून रुरिटानिया नावाचा युरोपात कुठेच नसलेला देश जन्मला, तोतया राजा, तलवारी, कट, आणि जादू शून्य. त्याची नक्कल इतकी झाली की रुरिटानिया हे एका अख्ख्या कथाप्रकाराचं नाव होऊन बसलं.

मग मर्विन पीक. त्याच्यावर थोडं थांबायला हवं. वडील मिशनरी डॉक्टर, जन्म १९११चा, चीनमधला. लहानपण तिएनत्सिनच्या भिंतीआडच्या युरोपीय वसाहतीत गेलं. मुळात हा चित्रकार, आणि वाक्यंही तो चित्रकाराच्या हातानंच लिहितो. १९४६ला त्याचं ‘टायटस ग्रोन’ आलं, १९५०ला ‘गॉर्मेनघास्ट’. गॉर्मेनघास्ट हा एक अफाट, पडका, संपता न संपणारा किल्ला. तिथे रोज कुठला ना कुठला विधी असतो. तो का, हे कुणालाच आठवत नाही, पण चुकवायची सोय नाही. किल्ल्याच्या धन्याच्या घरी वारस जन्मतो आणि त्याच सुमारास स्टीअरपाइक नावाचा स्वयंपाकघरातला पोरगा गच्च्यांवरून चढत, लोकांची मर्मं हेरत वर येऊ लागतो. या दोन्ही पुस्तकांत मंत्र नाही, राक्षस नाही, देव नाही. तरीही पान उघडल्यावर आपण या जगात नाही हे पहिल्या परिच्छेदात कळतं. सोवळं-ओवळं, मानपान आणि ‘आमच्यात असं करतात’ यांत वाढलेल्या माणसाला गॉर्मेनघास्ट परकं वाटू नये.

टोल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५चं, मराठीत ‘स्वामी मुद्रिकांचा’. गंमत अशी, की फॅन्टसीच्या डोक्यावर जादूगार बसवल्याचा दोष ज्याच्यावर येतो त्या टोल्किनकडे जादूगारांची चणचण आहे. पाच आहेत म्हणतात, पण एवढ्या मोठ्या ग्रंथात नावं तिघांचीच येतात. त्यातला एक फितूर, एक जवळजवळ गैरहजर. गँडाल्फ हजार पानांत मंत्र किती वेळा वापरतो ते मोजलं तर चाहतेही चकित होतील. त्याचा बहुतेक वेळ चालण्यात, समजावण्यात आणि रागावण्यात जातो. १९३९ला सेंट अँड्र्यूजमध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात टोल्किननं जे म्हटलं तेही जादूच्या बाजूचं नाही. हिरवा सूर्य असं कुणीही म्हणू शकतं, पण तो हिरवा सूर्य जिथे खरा वाटेल असं जग उभारायला कष्ट आणि विचार लागतात, असा त्याचा मुद्दा. भर जगाच्या सुसंगतीवर आहे.

मग जादूगार अनिवार्य झाला कधी? हा भाग लेखनापेक्षा धंद्याचा आहे. १९६५मध्ये अमेरिकेत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची एस प्रकाशनानं परवानगीशिवाय स्वस्त पेपरबॅक काढली, मागोमाग बॅलन्टाइननं अधिकृत काढली. विद्यार्थ्यांनी ती डोक्यावर घेतली. आता ‘असंच आणखी’ काय विकायचं, हा बॅलन्टाइनपुढचा प्रश्न. १९६८ला त्यांनी पीकची पुस्तकं काढली. म्हणजे टोल्किनच्या शेजारी ज्याला बसवलं त्यातला एक पूर्ण बिनजादूचा होता, आणि ते कुणाला खटकलं नाही. १९६९ला लिन कार्टरच्या संपादनाखाली त्यांची प्रौढांसाठीची फॅन्टसी मालिका सुरू झाली. तिच्यात जुन्या, विसरलेल्या, परस्परांशी न जुळणाऱ्या लेखकांची मिसळ होती. १९७४च्या सुमारास ती बंद पडली.

त्याच वर्षी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. खेळाडूला तीन भूमिकांतून एक घ्यायची : लढवय्या, पुरोहित किंवा जादूगार. मंत्र एकदा वापरला की डोक्यातून पुसला जातो हा त्यातला नियम जॅक व्हान्सच्या १९५०च्या ‘द डाइंग अर्थ’मधून उचललेला. खेळाला नियम हवेतच, त्यात वावगं काही नाही. पण हजारो मुलं हा खेळ खेळत मोठी झाली आणि चार जणांच्या टोळीत एक मंत्रवाला असायलाच हवा हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. १९७७ला संपादक लेस्टर डेल रे यांनी टेरी ब्रुक्सचं ‘द सोर्ड ऑफ शनारा’ काढलं. साधा पोरगा, गूढ मांत्रिक मार्गदर्शक, जादूची तलवार, काळोखाचा स्वामी. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पेपरबॅक यादीत ते गेलं आणि साचा तयार झाला. पुढची वीस वर्षं तो साचा छापखान्यातून बाहेर पडत राहिला.

मुंबईकर वाचकाची फॅन्टसीशी ओळख झाली ती नेमकी इथे. फाउंटनच्या आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जी जाडजूड, पिवळी पडलेली अमेरिकी पेपरबॅक मिळायची ती बहुतेक या साच्यातली. मुखपृष्ठावर काठी उगारलेला म्हातारा, मागे वीज. पीक किंवा तसा कुणी त्या ढिगात असला तरी शोधणार कोण? त्यावर हॅरी पॉटरनं शिक्कामोर्तब केलं. २००७च्या जुलैत शेवटचा भाग आला तेव्हा मुंबईतल्या दुकानांपुढे पहाटे रांगा लागल्या होत्या. एवढं झाल्यावर फॅन्टसी म्हणजे जादूची शाळा असा समज होणारच. यातला विरोधाभास बघा : जादूगारांची शाळा पुस्तकात आणणाऱ्या आद्य लेखकांपैकी एक, उर्सुला ल ग्विन, तिनं लेखनाची सुरुवात केली ती ऑर्सिनिया नावाच्या कल्पित मध्य युरोपीय देशाच्या गोष्टींनी. तिथे जादू नाही, जुलमी राजवट आहे. अर्थसी या कल्पित बेटांच्या जगातली जादूगार-शाळा आली नंतर, १९६८ला.

आपल्या शेजारी, हिंदीत, हाच पेच देवकीनंदन खत्रींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोडवला होता. लखनौच्या नवलकिशोर प्रेसनं १८८३पासून छापलेलं ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ मांत्रिकांनी खचाखच भरलेलं. खत्रींनी तिलिस्म, म्हणजे मायावी भुलभुलैया, ठेवला, मांत्रिक काढले. ‘चंद्रकांता’ आणि तिच्या पुढच्या भागांतले चमत्कार शेवटी यंत्रं आणि रसायनं यांवर येऊन ठेपतात, आणि ऐयारांचा, म्हणजे चलाख हेरांचा, भरवसा वेषांतर आणि बेशुद्धीच्या पुडीवर. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘चंद्रकांता’ पाहिलेल्यांना क्रूरसिंगचं ‘यक्कू’ आठवत असेल. मालिकेनं बाहेर काढलेली जादू बिनदिक्कत परत आत घेतली, हे मूळ पुस्तक वाचल्यावर कळतं.

मराठी वाचकाच्या नापसंतीला आणखी एक पदर आहे, आणि तो परदेशी याद्यांत सापडणार नाही. दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ १९६२चं, इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ १९६७चं. ही फॅन्टसी नव्हे, पण त्यांनी दोन पिढ्यांच्या वाचनाला वळण लावलं. कर्व्यांनी खांडववन जाळण्याकडे देवांचं कौतुक म्हणून पाहिलं नाही, माणसं आणि प्राणी यांची कत्तल म्हणून पाहिलं. युधिष्ठिर विदुराचा मुलगा असावा अशी शक्यता मांडली. भैरप्पांचं ‘पर्व’ उमा कुलकर्णींच्या अनुवादातून आलं तेव्हा चमत्कार वजा केलेलं महाभारत वाचायला मराठी वाचक तयारच होता. चमत्कार काढला तर गोष्ट उणी होत नाही, उलट माणसं मोठी होतात, असा अनुभव ज्यानं घेतलाय त्याला छडीचं कौतुक कसं वाटावं? त्यात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचं वातावरण, डॉ. दाभोलकरांचा खून आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा. याचा वाचनाच्या आवडीशी थेट संबंध जोडणं धाडसाचं होईल, पण अजिबात नाही असंही मला वाटत नाही.

२०१०ला मुंबईच्या अमीश त्रिपाठींचं ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ याच जमिनीवर पडलं. शिव हा तिबेटातला हाडामांसाचा टोळीप्रमुख, सोमरस ही रसायनाची करामत. भाषा मला ओबडधोबड वाटते, पण खपामागचं गणित बरोबर होतं : देव हवेत, चमत्कार समजावून सांगा.

जादूप्रेमी लेखकांनाही ही तक्रार ऐकू आली होती. ब्रॅन्डन सँडरसननं २००७मध्ये एक नियम मांडला, की वाचकाला जादू जितकी नीट समजलेली असेल तितक्याच प्रमाणात लेखकानं तिच्या जोरावर पेच सोडवावेत. शेवटच्या प्रकरणात अचानक मंत्र आठवून जिंकायचं नाही. मराठी टीकाकारांचं १८७०च्या दशकातलं गाऱ्हाणं याहून फार लांबचं नव्हतं.

म्हणून पुस्तक सुचवण्याआधी मी विचारतो, नक्की काय नको? जादूच्या बळावर मिळणारी फुकटची सुटका नको असेल, तर के. जे. पार्करचं ‘सिक्स्टीन वेज टु डिफेंड अ वॉल्ड सिटी’ (२०१९). निवेदक ओर्हान हा पूल बांधणाऱ्या लष्करी तुकडीचा इंजिनियर. वेढा पडलेलं शहर त्याला लाकूड, दोर, थापा आणि हिशेब यांवर वाचवायचं असतं. पार्कर हे टॉम होल्ट या विनोदी लेखकाचं टोपणनाव आहे हे २०१५ला उघड झालं. वाचताना अंदाज येतोच. बँकेत किंवा अकाउंट्समध्ये नोकरी केलेल्यांना मी सेथ डिकिन्सनचं ‘द ट्रेटर बारू कॉर्मोरंट’ (२०१५) आवर्जून देतो. बारूच्या बेटावर साम्राज्य येतं ते आधी व्यापार आणि कागदी पैसा घेऊन. पुढे तीच साम्राज्याची हिशेबनीस होते आणि एका प्रांतातलं बंड चलन कोसळवून मोडते. नोटा आणि कर्ज यांनी प्राण कंठाशी आणणारी दुसरी कादंबरी मला माहीत नाही.

इतिहासाची गोडी असणाऱ्यांना, म्हणजे ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’वर वाढलेल्यांना, गाय गॅव्ह्रिएल केचं ‘द लायन्स ऑफ अल-रसान’ (१९९५). मध्ययुगीन स्पेनवर बेतलेला देश, तीन धर्म, दोन चंद्र. एका मुलाला दूरवरचं जाणवतं तेवढी सूट द्यावी लागते. त्यातली शस्त्रक्रिया वाचताना श्वास रोखला जातो : डोळे आणि जीभ गमावलेला म्हातारा वैद्य नुसत्या हातांच्या अंदाजानं ती पार पाडतो. शहरी कटकारस्थानं आवडत असतील तर एलन कुशनरचं ‘सोर्डस्पॉइंट’ (१९८७). निनावी शहर, सरदारांची वैरं भाड्यानं लढणारे तलवारबहाद्दर, आणि दोन पुरुषांचं प्रेम कसलाही गाजावाजा न करता सांगितलेलं.

आणि पीक. घाईच्या वाचकाला देऊ नये. सुरुवातीची शंभर पानं किल्ला फिरवून दाखवण्यात जातात, लोकलमध्ये लोंबकळत ती झेपत नाहीत. एखाद्या पावसाळी रविवारी धरावीत. पहिले दोन भाग मिळून गोष्ट पुरी होते. तिसरा, ‘टायटस अलोन’ (१९५९), पीक आजारी पडू लागला असताना लिहिलेला, आणि पहिल्या छपाईत त्याची बरीच मोडतोड झाली होती. लँग्डन जोन्सनं हस्तलिखितांवरून तो सावरून घेतला आणि ती संहिता १९७०ला आली. तिसरा भाग घ्यायचाच असेल तर फुटपाथवरची प्रत त्याआधीची नाही ना, एवढं पहिलं पान उलटून बघून घ्या.